जुन्या स्टिरिओ स्पीकरमधून टाळ नीट ऐकू येत नाहीत. दोष कोठे शोधावा?

गोदाकाठ (प्रश्न):
नमस्कार. वडिलांनी नव्वदच्या दशकात घेतलेला स्टिरिओ संच अनेक वर्षे पंचवटीतील आमच्या वाड्यात होता आणि गेल्या वर्षी तो गंगापूर रोडवरील फ्लॅटमध्ये आणला. वाड्यातील माडीवर अभंगांची सीडी लावली की टाळांचा खणखणाट जिन्यापर्यंत ऐकू येत असे. आता तेच टाळ जाड कापडात गुंडाळून वाजवल्यासारखे वाटतात, तबल्याची चाट बोथट झाली आहे आणि तंबोऱ्याची जवारी तर जवळजवळ नाहीशीच झाली आहे. बास मात्र उत्तम आहे. ट्रेबलचा नॉब पूर्ण उजवीकडे फिरवला तरी फरक किरकोळच पडतो. डावा स्पीकर अधिक मंद असावा असा संशय आहे, परंतु खात्री देता येत नाही.

स्पीकरच्या प्रत्येक पेटीत बाससाठी एक आठ इंची वूफर आणि वर तीक्ष्ण स्वरांसाठी एक ट्वीटर आहे. पश्चिमेचे ऊन येत असल्याने दिवाणखान्यात जाड पडदे लावले आहेत आणि दोन्ही पेट्या सध्या टीव्हीच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या आहेत. एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी पेटी न उघडताच दोन्ही ट्वीटर बदलण्याचा सल्ला दिला. तसे करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

सिडकोवासी:
सर्वप्रथम पेट्या त्या कप्प्यातून बाहेर काढा. ट्वीटर गुडघ्याच्या उंचीवर आणि ऐकणारा सोफ्यावर, अशा मांडणीत नवा कोरा स्पीकरही मंदच वाजेल. बसल्यावर कान जेथे येतात, साधारण त्याच उंचीवर ट्वीटर असावा आणि पेटीचे तोंड किंचित आपल्याकडे वळवलेले असावे.

डागकाम:
सिडकोवासी यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. १० किलोहर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, तर १०० हर्ट्‌झच्या ध्वनीची सुमारे साडेतीन मीटर. त्यामुळे शोकेसची चौकट, जाड पडदे, गाद्या-उशा यांना बास फारसा जुमानत नाही. तीक्ष्ण स्वर मात्र तेथेच अडतात किंवा शोषले जातात. आपल्या माडीवरील मोकळ्या भिंती आणि फरशी हे स्वर परत खोलीत फेकत असणार. थोडक्यात, आपल्या तक्रारीचा काही भाग खोलीचा आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो.

डावा स्पीकर खरोखरच अधिक मंद असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा छडा पेटी न उघडता लावता येतो. त्यासाठी गाणे वापरू नका, कारण ध्वनिमुद्रणात टाळ बहुधा एका बाजूला झुकलेले असतात. संचात एफएम रेडिओ असेल तर तो मोनोवर ठेवून दोन केंद्रांच्या मधली नुसती खरखर लावा. या खरखरीत खालपासून वरपर्यंत सर्व स्वर असतात आणि ती दोन्ही बाजूंना एकसारखीच जाते. बॅलन्सचा नॉब पूर्ण डावीकडे आणि मग पूर्ण उजवीकडे फिरवून ऐका. निरोगी बाजूने ‘स्सस्स’ असा धारदार आवाज येईल, आजारी बाजूने ‘फफफ’ असा.

फरक जाणवला तर ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या बाजूला डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. उघड्या तारा एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घ्या. मंदपणा डाव्या पेटीतच राहिला तर दोष त्या पेटीत आहे; तो उजव्या पेटीत गेला तर ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी. मग सीडी प्लेअरच्या वायरी अशाच बदलून पाहाव्यात. ट्रेबल आणि बॅलन्सचे नॉब बंद संचावर बऱ्याच वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणेही उपयोगी पडते, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी राहिलेल्या नॉबच्या आतील पट्टीवर थर बसतो. काही पेट्यांच्या पाठीमागे ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करण्याचा स्वतंत्र नॉब असतो. तो असल्यास त्याच्यावरही हाच प्रयोग करावा.

कोणीतरी वयाचा मुद्दा काढेलच, म्हणून आधीच लिहितो. वाढत्या वयात तीक्ष्ण स्वर कमी ऐकू येतात हे खरे. पण एकच पेटी मंद वाटत असेल तर त्याचा दोष कानांना देता येणार नाही.

गोदाकाठ:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. पेट्या स्टुलांवर मांडताच दोन्ही बाजूंना उठाव आला. खरखरीच्या चाचणीत डावी बाजू स्पष्टपणे मंद निघाली आणि तारांची अदलाबदल केल्यावरही मंदपणा डाव्याच पेटीत राहिला. जाळी काढून कान जवळ नेला असता डाव्या ट्वीटरमधून आवाज येतो, पण अगदी क्षीण. पेटी उघडून ट्वीटरची एक तार सोडवली आणि मल्टिमीटर लावला, तर ५.८ ओहम दाखवले. उजव्याचेही जवळपास तेवढेच आहे. ट्वीटरच्या वाटेवर ४.७ मायक्रोफॅराडचा एक कपॅसिटर आहे.

शौकीन_नाशिक:
एवढी मेहनत घेतलीच आहे, तर दोन्ही बाजूंना चांगले रेशमी डोमचे (घुमटाकार पडद्याचे) ट्वीटर बसवून टाका. जुन्या कागदी ट्वीटरमध्ये आता काय उरले आहे?

डागकाम:
शौकीन यांच्याशी मी असहमत आहे. ८ ओहमच्या ट्वीटरचे मल्टिमीटरवरील वाचन ६ ओहमच्या आसपास येणे स्वाभाविक आहे. कॉइल, म्हणजे आतील तारेचे वेटोळे, तुटली असती तर वाचनच आले नसते आणि आवाजही आला नसता. शिवाय नव्या ट्वीटरची संवेदनशीलता (तेवढ्याच विजेवर निघणारा आवाज) जुन्या वूफरशी जुळली नाही, तर एक तर टाळ कानात टोचतील किंवा पुन्हा दबतील.

माझा संशय बास अडवून फक्त तीक्ष्ण स्वर ट्वीटरकडे सोडणाऱ्या त्या कपॅसिटरवर आहे, ज्याला जुने कारागीर कंडेन्सर म्हणतात. त्या काळातील पेट्यांमध्ये बहुधा नॉन-पोलर (धन-ऋण टोके नसलेले) इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेले, कपॅसिटर असत आणि ते वयोमानाप्रमाणे आतून सुकतात. क्षमता घटून ३ मायक्रोफॅराडवर आली, तर ८ ओहमच्या ट्वीटरसाठी, जिच्या वर तो पूर्ण वाजतो ती सुमारे ४.२ किलोहर्ट्‌झची सीमा ६.६ किलोहर्ट्‌झपर्यंत सरकते आणि टाळ व चाट यांचा बराचसा भाग वूफर आणि ट्वीटर यांच्या मधल्या पोकळीत हरवतो. त्याचा अंतर्गत रोधही वाढतो. नुसता ४ ओहम वाढला तरी ट्वीटरची पातळी सुमारे साडेतीन डेसिबलने खाली येते. खात्री करायची असल्यास कपॅसिटरचा एक पाय डागातून सोडवून मगच मापन करा. जोडलेल्या स्थितीतील आकडा फसवा असतो. चाचणी म्हणूनसुद्धा कपॅसिटर वगळून ट्वीटर थेट ॲम्प्लिफायरला जोडू नका. बासचा सारा भार पडून कॉइल जळते.

बदलताना ४.७ मायक्रोफॅराड, १०० व्होल्टचा पॉलिप्रोपिलीन फिल्म कपॅसिटर घ्या आणि तो दोन्ही पेट्यांमध्ये बसवा, नाहीतर पुन्हा डावे-उजवे जुळणार नाही. नाशिकमध्ये इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळतो का ते पाहा; नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळायला हरकत नाही. दुकानदाराने साधा, एका टोकाला उणे चिन्ह असलेला कपॅसिटर पुढे केला तर तो घेऊ नये, कारण येथे दोन्ही दिशांनी प्रवाह वाहतो. फिल्म कपॅसिटरचा रोध नगण्य असल्याने टाळ पूर्वीपेक्षाही किंचित पुढे आल्यासारखे वाटतील. खुपू लागले तर त्याच्याशी एकसरीत अर्धा ते एक ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टर जोडावा. नवा कपॅसिटर आकाराने बराच मोठा असतो, तेव्हा तो नुसत्या डागांवर लोंबकळत न ठेवता बोर्डावर गोंदाने पक्का चिकटवा. अन्यथा पखवाजाच्या प्रत्येक थापेसरशी तो पेटीत खडखडत राहील.