पॅसेजला एकच मोठा दिवा नको

तीन फूट रुंद पॅसेजच्या मधोमध २० वॉटचं एकच पॅनेल लावायचं म्हणताय, पण नका लावू. आमच्याकडे तेच होतं. मधे डोळे दिपायचे आणि टोकाला बाथरूमची कडी चाचपडत शोधायची! आता १४ फूट लांबीत ५-५ वॉटचे दोन सरफेस (छताला बाहेरून बसणारे) एलईडी आहेत, दोन्ही टोकांपासून साडेतीन फुटांवर. रोज पाच तास धरले तरी वर्षाला जेमतेम १८ युनिट. खोक्यावर वॉटपेक्षा लुमेन, म्हणजे दिवा उजेड किती देतो ते बघा, वॉटमागे १०० मिळाले तर उत्तम. उजेडाचा रंग ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्या. ६५०० चा पांढराफटक उजेड दवाखान्यासारखा वाटतो. हालचालीवर दिवा लावणारा सेन्सरही लावून पाहिला, पण मांजर रात्रभर दिवे पेटवत फिरायची. शेवटी दोन्ही टोकांना टू-वे स्विच बसवले, म्हणजे कुठल्याही टोकाहून दिवे चालू-बंद करता येतात.