न्यूयॉर्कमध्ये हायस्कूलची लिस्ट कशी लावायची? आठवीतल्या मुलांच्या पालकांनो, मदत हवीये

क्वीन्सची_आई

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, पुण्याहून इथे येऊन आम्हाला चार वर्षं झाली, आणि गेले तीन आठवडे घरात हायस्कूल सोडून दुसरा विषय नाही. पुतण्याची अकरावीची ऑनलाइन ऍडमिशन जवळून बघितली होती, तिथे निदान टक्के हातात असतात, मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघितले की अंदाज येतो. इथे मायस्कूल्सची साइट (शाळा पसंतीच्या क्रमाने भरायची शहराची साइट) उघडून बसते आणि तासाभराने तशीच बंद करते. तिचं सातवीचं ऍव्हरेज 92 आहे. पण लॉटरीचा तो लांबलचक नंबर (प्रत्येक मुलाला नशिबाने मिळतो, जितका लहान तितका चांगला) सी4 ने सुरू होतो आणि ओळखीतल्या सगळ्यांनी तो ऐकून "अरेरे" म्हटलंय.

तिला टाउनसेंड हॅरिस मनापासून आवडलीये, क्वीन्स कॉलेजच्या आवारात आहे, ओपन हाउसहून आल्यापासून तेच चाललंय. नवरा म्हणतो एवढा वाईट नंबर असताना ती पहिल्या नंबरावर टाकली तर पहिली जागा फुकट जाईल, त्यापेक्षा जी नक्की मिळेल तीच वर टाकू. शिवाय एसएचएसएटी, म्हणजे शहराच्या खास हायस्कूलांची प्रवेश परीक्षा, पण देतेय, त्यातल्या स्टायव्हसंट आणि ब्राँक्स सायन्ससाठी. आम्ही फॉरेस्ट हिल्सला राहतो, ब्राँक्स सायन्सला रोज जाणं झेपतं का कुणाच्या मुलांना? आणि परीक्षेत आलं नाही तर बाकीच्या लिस्टवर परिणाम होतो का? शेजारच्या मुली सहावीपासून क्लासला जातायत, आम्ही आत्ता उन्हाळ्यात सुरू केलं, त्यामुळे आपण पोरीचं नुकसान केलं असं सारखं वाटत राहतं.

जॅक्सनहाइट्सकर

ताई, नवऱ्याला हे वाचायला द्या, कारण मी अगदी हेच केलं होतं.

2023 ची गोष्ट. मुलाला एक शाळा फार आवडली होती, तिथली रोबोटिक्सची खोली बघून आला आणि रात्री जेवताना हातवारे करकरून सांगत होता. त्याचा लॉटरी नंबर बी ने सुरू होणारा, म्हणजे मागचाच. मी हिशोब लावला की ही काही मिळत नाही, पहिली जागा वाया कशाला घालवा, म्हणून घराजवळची बरी शाळा एक नंबरला आणि त्याची आवडती चार नंबरला. मार्चमध्ये ऑफर आली, अर्थातच एक नंबरची. दोन दिवसांनी कळलं की त्याच्याच वर्गातला मित्र, तोही ग्रुप 1 मधलाच (मार्कांवरून पाडलेल्या गटांतला सगळ्यात वरचा) आणि नंबर ह्याच्यापेक्षा मागचा, त्याला ती आवडती शाळा मिळाली कारण त्याने ती पहिली टाकली होती. वेटलिस्टवरही आपोआप नाव लागलं नाही, मिळालेल्या शाळेच्या वर ज्या असतात त्यांच्याच वेटलिस्टवर आपोआप नाव लागतं, आणि आमच्या वर काही नव्हतंच. मुलगा काही बोलला नाही. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. आता रुळलाय, चांगला शिकतोय, पण ती लिस्ट त्याची नव्हती, माझी होती, हे मला अजून खुपतं.

आकडेमोड

वरच्यांनी लिहिलंय ते का होतं ते सांगतो, कारण "पहिल्या नंबरावर जपून टाका" हा सल्ला आपल्या लोकांत फार फिरतो आणि तो जुन्या काळचा आहे.

2003 च्या आधी इथे पाच शाळा लिहायच्या आणि तुम्ही कुठली कितव्या नंबरावर टाकलीये हे शाळांना दिसायचं. पहिली नाही टाकली तर आम्हाला नको, असं काही शाळा उघड म्हणायच्या. म्हणजे तेव्हा डाव खेळावाच लागायचा. त्या पद्धतीत दरवर्षी साधारण 30 हजार मुलांना लिस्टमध्ये नसलेलीच शाळा मिळायची. मग आल्विन रॉथ, पराग पाठक आणि अब्दुल्कादिरोलू ह्या अर्थशास्त्रज्ञांनी नवी पद्धत बसवली (पाठक नाव वाचून मलाही मराठी वाटलं होतं, पण ते नेपाळी वंशाचे). रॉथना 2012 चं नोबेल मिळालं ते अशाच जोड्या लावण्याच्या कामासाठी.

आता कसं चालतं तर कॉम्प्युटर आधी तुमच्या लेकीला पहिल्या शाळेकडे नेतो. तिथे जागा नसेल तर दुसरीकडे, आणि तिथे ती उशिरा आली असं कुणी धरत नाही, ज्यांनी ती शाळा पहिली टाकलीये त्यांच्याबरोबरीनेच तिचा विचार होतो. ग्रुप आणि नंबरात पुढे असलेलं मूल नंतर आलं तरी आधी तात्पुरतं घेतलेलं मूल बाहेर जातं. म्हणजे टाउनसेंड हॅरिस वर टाकून नाही मिळाली तर खालच्या शाळांचा चान्स काडीइतकाही कमी होत नाही. शाळांना तुमचा क्रम दिसतसुद्धा नाही.

नंबराचं म्हणाल तर फक्त पहिली दोन अक्षरं बघा. 00 ते एफएफ (9 च्या पुढे ए ते एफ) अशा 256 पायऱ्या असतात, सी4 म्हणजे त्यातली 197 वी, म्हणजे शंभरातली साधारण 76 मुलं पुढे. चांगला नाही, खोटं कशाला बोलू. पण स्क्रीन्ड, म्हणजे मार्क बघून घेणाऱ्या, शाळांमध्ये आधी ग्रुप बघतात, नंबर त्या ग्रुपच्या आत लागतो. आमच्या वेळी ग्रुप 1 म्हणजे अख्ख्या शहरातले किंवा स्वतःच्या शाळेतले वरचे 15 टक्के, आणि ऍव्हरेज किमान 90. तुमची 92 वाली कुठल्या ग्रुपमध्ये बसते ते मायस्कूल्सवर दिसेल, कौन्सेलरलाही विचारा. म्हणून वरती मनातल्या शाळा टाका, पण मधे आणि खाली अशा काही नक्की ठेवा जिथे नंबराचा जोर कमी असतो: निबंध किंवा ऑडिशन घेणाऱ्या, आणि तुमच्या झोनची, म्हणजे पत्त्यावरून ठरलेली. आमच्या वेळी 12 प्रोग्रॅम लिहिता यायचे, आम्ही बाराही भरले. चारच लिहून थांबू नका एवढंच कळकळीने सांगतो.

ई_ट्रेनवाली

एसएचएसएटी एकदम वेगळी गाडी आहे, तिचा लॉटरीशी काही संबंध नाही. तिथल्या आठ खास शाळांना फक्त त्या एका परीक्षेचा स्कोअर, आणि आमच्या वेळी त्यांचा क्रम वेगळा लावायचा असायचा. साधारण 26 हजार मुलं बसतात आणि जागा 4 हजारांच्या आसपास, त्यामुळे नाही आलं तर मूल कमी पडलं असं कृपा करून घरात कुणी म्हणू नका. आमच्या वेळी आलं तर दोन ऑफर हातात असायच्या, एक ह्यातली आणि एक लिस्टमधली, मग ठरवायचं. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत हे तिला नीट सांगा, माझ्या मुलीने पहिल्या सराव पेपरात सात प्रश्न कोरे सोडले होते कारण तिला वाटलं निगेटिव्ह मार्किंग आहे!

क्लासचं मनाला लावून घेऊ नका. आम्ही एका क्लासला बक्कळ पैसे भरले, "नक्की होणार" म्हणाले होते, आणि दर शनिवारी नुसत्या वर्कशीट्स. शेवटी उपयोग झाला तो शिक्षण खात्याच्या हँडबुकमधल्या फुकट पेपरांचा, घड्याळ लावून, सलग तीन तास, स्वयंपाकघराच्या टेबलावर.

आता प्रवास. स्टायव्हसंटला तुम्हाला ई ट्रेन सरळ खाली नेते, पण ती जमैकाहून येते, त्यामुळे बसायला जागा मिळेलच असं नाही. ब्राँक्स सायन्सला ई ने सेव्हन्थ ऍव्हेन्यूला उतरून डी पकडायची आणि बेडफर्ड पार्क बुलेवार्डला उतरून चालत. सव्वा तास धराच, गाडी खोळंबली तर दीड. कागदावर ठीक वाटतं. म्हणून आम्ही एका शाळेच्याच दिवशी, सुट्टी काढून, सकाळी साडेसहाला मुलीबरोबर निघालो. परत येताना ती माझ्या खांद्यावर झोपली, दप्तर मांडीवर. त्या दिवशी तिने स्वतःच ब्राँक्स सायन्स खाली घेतली. उलट मैत्रिणीचा मुलगा रोज जातो आणि ट्रेनमध्ये पुस्तकं संपवतो. तेव्हा तुमच्या लेकीला बरोबर घेऊन जाऊन बघा, तिलाच कळेल.

क्वीन्सची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार. नवऱ्याने दोनदा वाचलं, जॅक्सनहाइट्सकर दादांचं वाचून बराच वेळ गप्प होता. मंगळवारी तो तिला घेऊन ब्राँक्सला जाऊन आला. तिला प्रवास चालणार आहे म्हणे, पण हिवाळ्यात पाचला घरी पोचताना अंधार असेल ते आवडलं नाही, म्हणून स्टायव्हसंट पहिली, ब्राँक्स सायन्स दुसरी, आणि त्या आठांतलीच जमैकातली यॉर्क कॉलेजवाली तिसरी असं तिने ठरवलं. दुसऱ्या लिस्टवर टाउनसेंड हॅरिस एक नंबरला. तिने फ्रिजवर कागद लावलाय, 9 पर्यंत भरलाय, उरलेल्या तीनसाठी शनिवारी अजून दोन ओपन हाउस आहेत.

आकडेमोड

छान. भरून झाल्यावर सबमिटचं बटण दाबलंय ना ते बघा, नुसती लिस्ट सेव्ह करून पुरत नाही. आणि नंतर बदलावंसं वाटलं तर डेडलाइनपर्यंत परत उघडून क्रम बदलता येतो, फक्त बदललं की पुन्हा सबमिट करा.

ई_ट्रेनवाली

आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर सोडवायला बसवू नका हो. आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी केली आणि नऊला दिवा बंद.