‘फ्री रॅडिकल’: मुक्त मूलक की मुक्त कण?

वैखरी: तांबड्या पेशींना जपणारं जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेल्या रुग्णांसाठी पत्रक मराठीत करते आहे. वाक्य असं: ‘तांबड्या पेशींत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी मुक्त मूलके साठतात.’ संपादकांनी ‘मुक्त कण’ केलं. काय ठेवावं?

रसशाळा: मूलकच. कण म्हटलं की धूळही आली. पण आधी वाक्य दुरुस्त करा. मूलकात एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. पेरॉक्साइडमध्ये सगळे जोडीत असतात, म्हणजे ते मूलक नाहीच. मोकळं लोह भेटलं की त्यातून हायड्रॉक्सिल मूलक निघतं आणि ते जन्मतं तिथेच शेजारच्या रेणूवर तुटून पडतं. त्याला पकडणारं एन्झाइम शरीराकडे नाही. म्हणून अडवणूक आधीच्या पायरीवर होते: सुपरऑक्साइड डिसम्युटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात.

पाटीपेन्सिल: शाळेत ‘संयुक्त मूलके’ म्हणजे सल्फेट, नायट्रेट, अमोनियम. त्यांत एकटा इलेक्ट्रॉन कुठे असतो? दहावी झालेला वाचक इथेच चुकेल. सरळ ‘फ्री रॅडिकल’ लिहा.

रसशाळा: मग ‘मुक्त’ हे विशेषण कशासाठी आहे? असं केलं तर परिभाषा कधीच रुजणार नाही.

निदान: रुग्णाला दोन्ही नकोत. तांबड्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) नसतात, एनएडीपीएच (ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावणारा रेणू) मिळवायची वाट एकच, जी-सिक्स-पीडीची, आणि तीच इथे अरुंद. ते संपलं की पेरॉक्साइडचं पाणी करताना वापरलेलं ग्लुटाथायोन पूर्ववत होत नाही, पेरॉक्साइड साठतं, हिमोग्लोबिन बिघडतं, पेशी फुटतात. पत्रकात ठळक हवं ते हे: हिवतापावरचं प्रायमाक्विन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कपाटात नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या नकोत, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ‘फावा बीन’ला काय लिहिलंत?

वैखरी: वाल.

निदान: तो आधी काढा! या पेशींना घातक व्हिसीन आणि कन्व्हिसीन ही द्रव्यं फाव्यात असतात, पथ्य त्याचं आहे. वाल ही वेगळी प्रजाती. कोकणातली माणसं उगाच बिरडं सोडतील, आणि परदेशी गेल्यावर फावा मात्र बिनधास्त खातील.

पाटीपेन्सिल: उत्तरेत बाकला म्हणतात.

रसशाळा: इथल्या मंडईत बाकला कोणाला कळणार? ‘फावा’ लिहून शेंगेचं चित्र छापा.

पाटीपेन्सिल: म्हणजे शेंगेला परका शब्द चालतो, रॅडिकलला नाही?