मदत हवी आहे: दोनदा फोर्क करूनही सर्व्हिसबरोबर चाइल्ड प्रोसेस मरते

नमस्कार मंडळी,

मित्राचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. त्याच्या सर्व्हरसाठी मी सी-मध्ये एक छोटा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) लिहून दिलाय. फोल्डरमध्ये नवी फाइल पडली की तो एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतर करणारा प्रोग्रॅम) सुरू करतो. एकेक फाइल तीन-चार तास खाते. डीमनमध्ये काही दुरुस्ती करून रिस्टार्ट मारला की एफएफएमपेगही आडवा. एक हळदीचा व्हिडिओ काल तिसऱ्यांदा पहिल्यापासून लावला. मित्र आता माझा फोन उचलत नाही.

करून पाहिलेलं: फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं), सेटसिड (नवं सेशन सुरू करणं), पुन्हा फोर्क, मधली प्रोसेस लगेच एक्झिट. सिगहप (टर्मिनल बंद झाल्याचा सिग्नल) इग्नोर. आउटपुट लॉग फाइलला जोडलंय. लॅपटॉपवर टर्मिनलमधून डीमन चालवून टर्मिनलच बंद केलं, तरी एफएफएमपेग ठणठणीत. (पीपीआयडी, म्हणजे पालक प्रोसेसचा नंबर, मात्र १ नाही, १८४३ दिसतो. हे काय?) सर्व्हरवर सिस्टमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम) सर्व्हिस म्हणून चालवला की मरतो. लॉगची शेवटची ओळ: ‘एक्झिटिंग नॉर्मली, रिसीव्हड सिग्नल १५.’

प्रतिसाद १
नोहप लावून बघा.

धागाकर्ता
लावलं. तेच.

प्रतिसाद २
नोहप सिगहपपुरतं, म्हणजे सिग्नल १. तुमच्याकडे १५ आलाय, सिगटर्म, म्हणजे ‘बंद हो’. तो टर्मिनलचा नाही, सिस्टमडीचा.

तुमचा कोड बरोबरच आहे. सेटसिडने सेशन आणि प्रोसेस ग्रुप बदलतो, सीग्रुप (कर्नलने ठेवलेला प्रोसेसचा गट) नाही. आणि सिस्टमडी बाप कोण हे बघतच नाही. सर्व्हिसच्या सीग्रुपमध्ये जे जे सापडेल त्याला सिगटर्म, ९० सेकंदांत गेलं नाही तर सिगकिल, म्हणजे जबरदस्तीने बंद. सर्व्हिस फाइलमधल्या किलमोड सेटिंगची डिफॉल्ट किंमतच कंट्रोल-ग्रुप आहे. प्रॉक डिरेक्टरीखाली त्या पीआयडीची (प्रोसेसच्या नंबराची) सीग्रुप फाइल कॅट करून बघा, तुमच्याच सर्व्हिसचं नाव दिसेल.

किलमोड प्रोसेस केलंत तर फक्त मुख्य प्रोसेस मरेल. पण मग मागे उरलेल्यांचा कोणी वाली नाही. मी तसं कधी ठेवत नाही. त्यापेक्षा दोन्ही फोर्क काढा आणि सिस्टमडी-रन कमांडने एफएफएमपेगची स्वतंत्र तात्पुरती सर्व्हिस सुरू करा. डीमन रूट युजरने चालतोय ना? मग परवानगीचा प्रश्न नाही.

१८४३ म्हणजे बहुतेक तुमच्या युजरचा सिस्टमडी. तो स्वतःला सबरीपर म्हणून नोंदवतो, त्यामुळे खालच्या अनाथ प्रोसेस १ कडे न जाता त्याच्याकडे जातात. पीएस कमांडमध्ये बघून घ्या.

धागाकर्ता
सीग्रुप फाइलमध्ये खरंच माझ्याच सर्व्हिसचं नाव! १८४३ पण तोच निघाला. सिस्टमडी-रन लावलं, पण आता ‘नो सच फाइल’ म्हणतोय. फाइल तर जागेवर आहे.

प्रतिसाद २
रिलेटिव्ह पाथ देताय का? नव्या सर्व्हिसला तुमची वर्किंग डिरेक्टरी मिळत नाही, ती रूट डिरेक्टरीपासून (/) सुरू होते. एन्व्हायर्नमेंटही तुमचं नसतं. पूर्ण पाथ द्या.

धागाकर्ता
तेच होतं. आता डीमन दोनदा रिस्टार्ट केला, लॉगमधला टाइम पुढे सरकतोच आहे. दादा, आभार. मित्राला मेसेज टाकलाय.