मदत हवी आहे: घडीचा चाकू, जुन्या धाटणीचा की नवा?

पावसाळ्यातले ट्रेक सुरू व्हायच्या आत खिशात मावेल असा एक घडीचा चाकू घ्यायचाय. काम साधंच: काकडी-कांदा चिरणे, दोरी कापणे, पाकिटं उघडणे.

मन ओपिनेल नं. ८ वर जडलंय. ओपिनेल चाकू फ्रान्समध्ये १८९० पासून बनतायत; याला बीच लाकडाची मूठ, ८.५ सेंमीचं पातं, आणि ते अचानक मिटू नये म्हणून मुठीशी फिरवायची कडी. पातळ पात्यामुळे टोमॅटो चिरडत नाही, छान कापला जातो. पण गंजणारं कार्बन स्टील आणि मुंबईची दमट हवा! आमच्याकडे जुलैत कपाटातले पट्टेसुद्धा बुरसतात. स्टेनलेसचं पातं मिळतं, तरी लाकूड ओल धरून फुगलं की पातं उघडताना नखं तुटायची.

दुसरीकडे लायनर लॉकवाले (मुठीतली पट्टी उघडलेलं पातं अडवून धरते असे) नवे चाकू. एका हाताने उघडतात, खिशाला अडकवायची क्लिप असते, ओल्या हातातही पकड राहते. पण बहुतेकांचं पातं जाड, आणि दिसायला असे की लोकलमध्ये काढला तर शेजारचा उठून दारात जाईल. (रामपुरीची कीर्ती अजून आहेच.)

जाणकारांनो, भर पावसात ओपिनेल वापरणारं कोणी आहे का? मुठीला जवसाचं तेल लावून खरंच फरक पडतो? मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला (हार्डवेअरच्या बाजारात) बरा घडीचा चाकू मिळतो का? आणि मेट्रोच्या तपासणीत कोणाला अडवलंय का, तेही सांगा. बजेट दोन हजारांच्या आसपास.