मदत हवी आहे: ईसीजीत आरबीबीबी (हृदयात वीज नेणाऱ्या उजव्या फांदीत अडथळा), पीआर 240. पेसमेकर लागेल का?

छप्पन_नंबरी: सासरे 71 वर्षांचे, इंदूरलाच असतात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी ईसीजी काढला. ठोके 52, पीआर (वरच्या कप्प्यांतून खालच्यांत संदेश पोचायचा वेळ) 240 मिलिसेकंद, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांच्या लहरीची रुंदी) 138, अॅक्सिस (विजेची दिशा) उणे 55. मशीनचा शेरा: आरबीबीबी, लेफ्ट अँटिरिअर हेमिब्लॉक (डाव्या फांदीच्या पुढच्या उपफांदीत अडथळा), फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक (वरून खाली संदेशाला उशीर). चक्कर नाही, कधी शुद्ध हरपलेली नाही. इको नॉर्मल. बीपीसाठी मेटोप्रोलॉल 50 सकाळी. 'ट्रायफॅसिक्युलर (तिन्ही फांद्यांत अडथळा) आहे, पेसमेकर बसवावाच लागेल' असं एका परिचितांनी सांगितल्यापासून घरात घबराट आहे. सोमवारी फिजिशियनकडे जायचंय. काय विचारावं?

लीड_टू: शेरा बाजूला ठेवून कागद बघा. नेहमीच्या 25 मिमी वेगाला बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. पीआर पाच चौकोनांपर्यंत नॉर्मल, यांचा सहा. आता लीड टूची (ईसीजीतल्या एका नोंदीची) लांब पट्टी. प्रत्येक पी-लहरीमागे (वरच्या कप्प्यांची लहर) क्यूआरएस आहे आणि अंतर तेवढंच आहे, तर हा नुसता उशीर. पीआर लांबत लांबत एखादा ठोका गळला तर वेंकेबाख, तो बहुधा सौम्य. पीआर जसाच्या तसा आणि मधेच क्यूआरएस गायब, तर मोबिट्झ टू, हा गंभीर प्रकार. तसं दिसलं तर सोमवारची वाट बघायची नाही.

'ट्रायफॅसिक्युलर' हे नाव फसवं आहे. दोन फांद्या बंद आहेत हे खरं, पण पीआरचा उशीर तिसऱ्या फांदीतला की वर एव्ही नोडमधला (वरच्या-खालच्या कप्प्यांमधलं विजेचं केंद्र), हे साध्या ईसीजीवरून कळत नाही. लक्षणं नसताना एवढ्यावरून पेसमेकर बसवत नाहीत. शुद्ध हरपली, किंवा एका ईसीजीत उजवा आणि दुसऱ्यात डावा ब्लॉक निघाला, तर गोष्ट वेगळी. म्हणून जुने ईसीजी सोबत न्या.

थेंबेथेंबे: डोळ्यांत काही घालतात का?

छप्पन_नंबरी: हो, काचबिंदूसाठी टिमोलॉल 0.5 टक्के. चिठ्ठीवर 'सुबह-शाम, दोनों आँख'. फिजिशियनच्या फायलीत मात्र त्याची नोंद नाही.

थेंबेथेंबे: म्हणजे बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) एक नाही, दोन चालू आहेत: मेटोप्रोलॉल आणि टिमोलॉल. थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो; गोळीसारखा आधी यकृतातून गाळून निघत नाही. त्यात दोन्ही औषधं यकृतातल्या एकाच एन्झाइमवर मोडतात. नाडी मंदावणं, पीआर लांबणं यात दोघांचा वाटा असू शकतो. क्यूआरएस मात्र यांनी रुंद होत नाही. औषध बदलून पीआर खाली आला तरी आरबीबीबी राहील, तेव्हा दचकू नका.

स्वतःहून काहीही थांबवू नका. मेटोप्रोलॉल एकदम सुटलं तर नाडी आणि बीपी उसळतात, थेंब सुटले तर डोळ्याचा दाब चढतो. थेंबांना लॅटानोप्रोस्टसारखा पर्याय आहे का ते नेत्रतज्ज्ञांना विचारा, गोळीला अॅम्लोडिपिन चालेल का ते फिजिशियनला. डिल्टियाझेम, व्हेरापामिल नकोत, तीही एव्ही नोडच मंदावतात. तोवर थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा.

लीड_टू: +1. पोटॅशियम तपासून घ्या, बदलानंतर ईसीजी पुन्हा काढा, आणि 24 तासांच्या होल्टरबद्दल (अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) विचारा. भूलतज्ज्ञांना थेंबांचंही सांगा.

थेंबेथेंबे: दवा बाजारातून नवी बाटली आणाल तेव्हा घटक वाचा. ब्रिमोनिडीन किंवा डॉर्झोलामाइडच्या जोड-बाटल्यांत टिमोलॉल असू शकतं, आणि वरचं ब्रँडनाव वाचून ते कळत नाही.