दहा ओळींत वॉलेट? आधी प्रायव्हेट की कुठे राहते ते सांगा

उंटावरचा_शहाणा
परवा इथे 'दहा ओळींत स्वतःचं वॉलेट' हा धागा आला. क्रिप्टोचं वॉलेट, म्हणजे खात्याची की सांभाळून व्यवहारावर सही करणारं सॉफ्टवेअर, स्वतःच लिहायचं. सल्ला असा की मेटामास्कसारख्या तयार वॉलेटच्या नादी लागू नका, इथेरियमच्या ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं क्रिएटरँडम चालवून नवं खातं बनवा, प्रायव्हेट की (ती ज्याच्या हाती, पैसे त्याच्या हाती) लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात टाका, वापरणाऱ्याला काही कळायचीही गरज नाही. खाली 'छान माहिती', 'वाचनखूण साठवली'. एकालाही शंका आली नाही म्हणून हा वेगळा धागा.

लोकलस्टोरेज त्या पानावर चालणारी कुठलीही स्क्रिप्ट वाचू शकते. तुमची, जाहिरातवाल्याची, आणि एनपीएम या पॅकेजांच्या भांडारातून डोळे मिटून ओढलेल्या पॅकेजांपैकी कुणाचीही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना या ब्लॉकचेनच्या वेब३.जेएस लायब्ररीच्या १.९५.६ आणि १.९५.७ या आवृत्त्यांत की चोरणारा कोड घुसला. अधिकृत लायब्ररी बरं का, कुणाचं सुट्टीतलं खेळणं नव्हे. पॅकेज प्रकाशित करायचा अधिकार असलेलं एक खातं चोरांच्या हाती लागलं, एवढंच पुरलं. फटका बसला तो ज्यांच्या कोडमध्ये की थेट हाताळली जात होती त्यांना, म्हणजे मुख्यतः आपोआप व्यवहार करणारे बॉट आणि सर्व्हर चालवणाऱ्यांना. सही बाहेरच्या वॉलेटकडून घेणारे सहसा वाचले. आता सांगा, दहा ओळी कुणाच्या सोयीच्या?

कन्सोललॉग
मूळ धागा माझा. 'शिकणाऱ्यांसाठी' असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, पण तेवढं वाचायला सवड कुणाला!

बाहेरचं वॉलेट म्हणजे अभेद्य किल्ला, हे कुणी सांगितलं? डिसेंबर २०२३ मध्ये हार्डवेअर वॉलेटवाल्या लेजरच्या कनेक्ट किटमध्ये (वेबसाइटला वॉलेट जोडणारी लायब्ररी) घुसवलेला कोड आठवतो का? तिथे की वॉलेटमध्येच होती. लोकांनी समोर आलेल्या व्यवहारावर स्वतःच्या हाताने सही केली आणि पैसे गेले. न वाचता सही करणाऱ्याला कुठलं वॉलेट वाचवणार?

तळटीप
दोघांची उदाहरणं खरी आहेत, पण एकाच तराजूत घालू नका. फसवून घेतलेली सही एका व्यवहारापुरती असते, किंवा त्यात दिलेल्या, टोकन खर्च करू द्यायच्या मंजुरीपुरती. मंजुरी नंतर रद्द करता येते. की गेली की खातंच गेलं, ती रद्द करायची सोय इथेरियममध्ये नाही. ईआयपी-७७०२ आलं, म्हणजे साध्या खात्याला कोड जोडायची सोय झाली, तरी त्या खात्यावर मूळ की शिरजोरच राहते.

आणि 'एन्क्रिप्ट करून ठेवा' म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. इथेरियमच्या वेब३.जेएसमध्ये कीस्टोअर (पासवर्डने कुलूपबंद केलेली की) बनवताना एस्क्रिप्ट (scrypt) या मुद्दाम संथ पद्धतीचा एन, म्हणजे मेहनतीचा आकडा, मुळात ८१९२, ईथर्समध्ये १३१०७२. म्हणजे पासवर्ड ओळखायचा एकेक प्रयत्न सोळापट महाग. वेळ लागतो म्हणून हा आकडा खाली आणणारे महाभाग मी पाहिलेत. शिवाय उघडलेली की स्ट्रिंग म्हणून मेमरीत पडते आणि जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंग पुसता येत नाही. कचरा गोळा होईल तेव्हा होईल.

अर्धवटराव
सुरक्षेचं चालू द्या, पण त्या दहा ओळी चालतात तरी का? ईथर्स व्ही५ मधला कोड व्ही६ वर टाकून बघा. युटिल्स गेलं, वेब३प्रोव्हायडरचं ब्राउझरप्रोव्हायडर झालं, मोठ्या आकड्यांसाठीचं लायब्ररीचं बिगनंबर जाऊन जावास्क्रिप्टचा स्वतःचा बिगइंट आला. आमच्याकडे हिशेबाचं पान सगळ्या चाचण्या पास होऊन चढलं आणि पहिल्याच विनंतीला आडवं झालं, कारण डेटाचा मजकूर करून देणाऱ्या जेसन.स्ट्रिंगिफायला बिगइंट पचत नाही. शनिवार-रविवार त्यातच गेले. आणि इथेरियमचं वेब३.जेएस तर मार्च २०२५ मध्ये बंदच झालं. शिकवण्या, पुस्तकं, मुलाखतीचे प्रश्न, सगळं वाऱ्यावर!

शेंडेफळ
बिगनंबर गेलं ते उत्तम झालं. बेरीज-गुणाकाराला .एड .एमयूएल करून डोळे फुटायची वेळ आली होती. एक इथर म्हणजे १०चा १८वा घात वेई, साध्या नंबरमध्ये तो सुरक्षित मावतच नाही. मग भाषेतच सोय आल्यावर लायब्ररीने स्वतःचं घोडं का दामटायचं?

अर्धवटराव
@शेंडेफळ, सोय? बिगइंटमध्ये साधा १ मिसळला की टाइपएरर. भागाकार केला की अपूर्णांक गुपचूप गायब. टक्केवारीने शुल्क कापणाऱ्याने टक्का आधी शंभराने भागून मग गुणलं की शुल्क शून्य. तुम्ही खऱ्या पैशाचा कोड लिहिलाय का कधी?

शेंडेफळ
लिहिलाय, म्हणूनच आधी गुणून मग भागतो. आणि बिगनंबर तरी कुठे अपूर्णांक सांभाळायचं? त्यातही तो गायबच व्हायचा. शाळेतलं गणित लायब्ररीच्या माथी मारू नका.

उंटावरचा_शहाणा
अहो, धागा कीबद्दल आहे!

तळटीप
असू द्या, ते दोघे आता थांबत नाहीत.

'फक्त शिकायला' या पळवाटेवर एक किस्सा. ओळखीतल्या एकाने हार्डहॅट या चाचणीच्या साधनातल्या पहिल्या चाचणी खात्याचा पत्ता कॉपी केला आणि मेननेटवर, म्हणजे खऱ्या नेटवर्कवर, खरे पैसे पाठवले. त्या खात्याची की ज्या बारा शब्दांतून निघते ते सगळ्या जगाला पाठ आहेत, बॉट टपूनच बसलेले असतात. व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोरर साइटवर त्याला पैसे आलेले आणि गेलेले एकदमच दिसले. तोही शिकतच होता.

कन्सोललॉग
म्हणजे सुरीने बोट कापतं म्हणून स्वयंपाक शिकवू नका? सर्व्हरवरच्या बॉटला सही कोण करून देणार, मेटामास्कचं पॉपअप? तिथे वॉलेट कोडमध्येच लागतं. उंटावरून सांगणं सोपं असतं, नावच तसं घेतलंय म्हणा.

उंटावरचा_शहाणा
नावावर आलात म्हणजे मुद्दे संपले.
बॉटला कोडमध्ये सही लागते, मान्य. त्यासाठी केएमएस (की स्वतःकडेच ठेवून सही करून देणारी सेवा) आहे, सही तिथून मागवा. तेवढा पसारा नको असेल तर त्या खात्यात गॅस (व्यवहाराचं शुल्क) आणि दिवसाच्या कामापुरतेच पैसे ठेवा, लॉकफाइल कमिट करा, एनपीएम सीआय वापरा, म्हणजे पॅकेजांच्या आवृत्त्या ठरलेल्याच राहतील. तुमच्या धाग्यात यातलं एक अक्षर नाही.

कन्सोललॉग
बरं महाराज. लोकलस्टोरेजची ओळ काढली, वर 'टेस्टनेटपुरतंच' असं ठळक टाकलं. केएमएसवर तुम्हीच लिहा, वाचनखूण साठवायला मी पहिला येईन.

अर्धवटराव
जाता जाता, वेई डेटाबेसमध्ये कसे ठेवता? आमच्या आधीच्या माणसाने टेक्स्ट केलंय, त्यामुळे ९ हा १० पेक्षा मोठा निघतो.

शेंडेफळ
न्यूमेरिक घ्या, ७८ अंकी. यूइंट२५६, म्हणजे इथेरियमचा सगळ्यात मोठा पूर्णांक प्रकार, तेवढ्यात मावतो. आणि जेसनमध्ये स्ट्रिंग करूनच पाठवा, नाहीतर याचंही खापर ईथर्सवर फोडाल.